मेद, अंतःस्राव आणि कर्करोग

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट तालुक्यांतील दुधनी हें गांव लागतें. महाराष्ट्राची हद्द येथें संपत आलेली असते, आणि बाजारांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेनें चालतात. तुरीच्या उलाढालीसाठीं ही पेठ प्रसिद्ध आहे. हंगामांत पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि प्रत्येक पोतें कांट्यावर चढतें. परंतु जाणता अडत्या केवळ कांट्यावर विसंबून भाव ठरवीत नाहीं. तो पोत्यांत हात घालतो, मूठभर दाणा तळहातावर घेतो, ओल पाहतो, कीड पाहतो आणि मगच बोलतो.

माणसाच्या देहाची पारख करतांना ही चौकस बुद्धि कोठें जाते, हें एक कोडेंच आहे. अंगानें भरलेली सून दिसली कीं ती खात्यापित्या घरची म्हणून कौतुक होतें. वाळलेली दिसली कीं सासरचा बोभाटा होतो. चाळिशी उलटल्यावर पोट सुटलें तर तें वयाचें व सुखवस्तुपणाचें लक्षण म्हणून सोडून दिलें जातें. दुधनीसारख्या पेठेंत काय किंवा पुण्यामुंबईंत काय, चरबी म्हणजे देहानें अडीअडचणीसाठीं बाजूला ठेवलेला शिधा, याहून अधिक विचार सहसा कोणी करीत नाहीं. फार झालें तर हृदयविकार व मधुमेह यांचें नांव निघतें. कर्करोगाशीं तिचा कांहीं संबंध असेल ही कल्पना तर बहुतेकांना नवीनच वाटते. तो संबंध आज प्रयोगांनीं व लक्षावधि माणसांच्या निरीक्षणांनीं निश्चित झाला आहे.

मेदाच्या अतिरेकाविषयीं आपल्या पूर्वजांना कांहींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा अध्याय आहे व त्यांत देहदृष्ट्या निंद्य मानलेल्या आठ पुरुषांमध्यें अतिस्थूलाची गणना केली आहे. सुश्रुतानें अर्बुदांचे प्रकार सांगतांना मेदापासून होणारें अर्बुदहि सांगितलें आहे. यावरून आजचें सर्व ज्ञान त्या ग्रंथांत होतेंच असें म्हणणें हा भाबडेपणा ठरेल. कारण जी गोष्ट आज महत्त्वाची ठरली आहे, ती म्हणजे मेदाचे रक्तांतून जाणारे निरोप, आणि ते कळण्याला विसावें शतक उजाडावें लागलें.

या शोधाचा धागा मात्र थोडा आधीं, आणि अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत जॉर्ज बीटसन या नांवाचे एक शस्त्रवैद्य होते. तरुणपणीं पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांनीं दूध कसें उत्पन्न होतें हा विषय घेतला होता. कांहीं देशांत गाईचे स्त्रीबीजकोश काढून टाकले असतां ती दीर्घकाळ दूध देत राहते, असें शेतकऱ्यांच्या अनुभवावरून त्यांना कळलें. याचा अर्थ असा कीं, ओटीपोटांत असलेला एक अवयव दूर छातींत असलेल्या दुसऱ्या अवयवावर हुकूमत चालवितो, आणि दोहोंना जोडणारी शीर वा तंतु तर दिसत नाहीं! पुढें अनेक वर्षांनीं त्यांच्याकडे स्तनाच्या कर्करोगानें जर्जर झालेली एक ३३ वर्षांची स्त्री आली. स्तनावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ टळून गेली होती. बीटसन यांनीं १८९५ सालीं तिचे स्त्रीबीजकोश काढले आणि कांहीं महिन्यांत छातीवरील गांठी विरघळून गेल्या. हा वृत्तांत त्यांनीं १८९६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. रोग पुढें उलटला व ती स्त्री दगावली. परंतु कर्करोगाची गांठ ही स्वयंभू नसून शरीरांतील दुसऱ्या कोणाच्या तरी आज्ञेनें वाढते, ही गोष्ट सिद्ध होऊन बसली. ज्या द्रव्याच्या द्वारें ही आज्ञा जाते त्या इस्ट्रोजेन वर्गांतील पहिलें हार्मोन शुद्ध स्वरूपांत हातीं येण्याला १९२९ साल उजाडलें.

आतां एक अडचण उभी राहते. स्त्रीबीजकोश हा इस्ट्रोजेनचा उगम असेल, तर ऋतुनिवृत्तीनंतर, म्हणजे पाळी कायमची गेल्यावर, तो झरा आटतो. मग स्तनाच्या कर्करोगाच्या इतक्या गांठी पन्नाशी-साठीच्या पुढें कां वाढतात? त्यांना खाद्य कोण पुरवितें?

याचें उत्तर चरबींत आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या लहानशा ग्रंथि असतात, त्या उतारवयांतहि पुरुषी जातीचीं कांहीं हार्मोनें रक्तांत सोडीत असतात. चरबीच्या थरांत अरोमाटेज नांवाचें एक विकर आहे. तें या हार्मोनांचें रूपांतर इस्ट्रोजेनमध्यें करतें. कृश स्त्रीच्या देहांतहि ही क्रिया चालू असते, पण बेताची. चरबी जितकी अधिक तितके हे कारखाने अधिक. म्हणून ऋतुनिवृत्त स्त्रियांत स्थूल स्त्रीच्या रक्तांत इस्ट्रोजेनचें प्रमाण कृश स्त्रीहून स्पष्टपणें अधिक आढळतें. शिवाय रक्तांत एक प्रथिन असतें, तें या हार्मोनांना धरून ठेवतें व मोकळें फिरूं देत नाहीं. स्थूलपणांत यकृत हें प्रथिनच कमी निर्माण करतें. म्हणजे एकीकडे आवक वाढली आणि दुसरीकडे पहारा ढिला झाला.

याचा सर्वांत ठळक परिणाम गर्भाशयाच्या आंतील अस्तरावर होतो. पाळी चालू असतांना इस्ट्रोजेन हें अस्तर वाढवितें व प्रोजेस्टेरोन हें दुसरें हार्मोन त्या वाढीला आवर घालतें. ऋतुनिवृत्तीनंतर प्रोजेस्टेरोन जवळजवळ नाहींसें होतें, पण चरबींतून येणारें इस्ट्रोजेन चालूच राहतें. आवर घालणारा गेला आणि चिथावणारा उरला, अशी स्थिति होते. पेशी वर्षानुवर्षें विभागत राहिल्या म्हणजे त्यांच्या आनुवंशिक लिखाणांत नक्कल करतांना चुका होण्याचा संभव वाढतो, आणि त्यांतील एखादी चूक कर्करोगाची असते. जितक्या म्हणून कर्करोगांचा स्थूलपणाशीं संबंध आढळला आहे, त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अगदीं वरच्या क्रमांकावर आहे. ऋतुनिवृत्त रुग्णांना स्तनाच्या कर्करोगावर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारखीं जीं औषधें दिलीं जातात, तीं नेमकी याच अरोमाटेजची वाट अडवितात. ज्या घरांत हीं औषधें येतात तेथील फार थोड्या मंडळींना ठाऊक असतें कीं, या गोळीचें काम मुख्यतः चरबीच्या कारखान्यांत चालतें.

हार्मोन व स्तनाचा कर्करोग या प्रश्नावर एका मराठी विदुषीनें मुंबईंत मोलाचें काम केलें, याचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत असत. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं संशोधन करून १९४९ सालीं कमलाबाईंनीं पीएच्. डी. मिळविली. अमेरिकेंत जाऊन त्या जिवंत पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या शिकल्या व परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांत स्तनाचा कर्करोग कसा उद्भवतो, त्यांत आनुवंशिकतेचा, हार्मोनांचा व आईच्या दुधांतून पिलांत जाणाऱ्या विषाणूचा संबंध कसा येतो, या गुंत्याचा त्यांनीं पिच्छा पुरविला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना चार ओळींहून अधिक जागा मिळाली असती तर बरें झालें असतें.

इस्ट्रोजेन हा चरबीचा एक निरोप झाला. दुसरा इन्सुलिनच्या मार्गानें जातो, आणि तो स्त्रीपुरुषांना सारखाच लागू आहे. पोटांत, आंतड्यांभोंवतीं व यकृतांत चरबी सांठूं लागली म्हणजे स्नायु व यकृत इन्सुलिनचें म्हणणें नीटसें ऐकेनासे होतात. स्वादुपिंड मग आवाज चढवितें, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडतें. साखर कांहीं वर्षें आटोक्यांत राहते, म्हणून घरच्यांना वाटतें सर्व ठीक आहे. पण रक्तांत वाढलेलें हें इन्सुलिन साखरेची व्यवस्था लावून स्वस्थ बसत नाहीं. पेशींना वाढण्याचा व विभागण्याचा आदेश देणें हेंहि त्याचें व त्याच्या भावंडासारख्या एका वाढकारक द्रव्याचें काम आहे. निरोगी पेशी हा आदेश मर्यादेंत पाळते. जिच्या आनुवंशिक लिखाणांत आधींच बिघाड झाला आहे अशी पेशी तो हांवरेपणानें उचलते. मोठें आंतडें, स्वादुपिंड व मूत्रपिंड यांच्या कर्करोगांत या मार्गाला विशेष महत्त्व दिलें जातें.

लेप्टिनचा शोध त्या मानानें अलीकडचा, १९९४ सालचा. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो लावला. चरबीच्या पेशी स्वतःच हें हार्मोन निर्माण करतात व मेंदूला ‘सांठा पुरेसा आहे, आतां जेवण आवरा’ असें कळवितात. स्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असतें, पण मेंदूचे कान त्याला सरावून बधिर झालेले असतात. अर्बुदाचे कान मात्र बधिर होत नाहींत! प्रयोगशाळेंत लेप्टिननें स्तनाच्या व आंतड्याच्या कर्करोगी पेशींची वाढ होते, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासहि मदत होते. याच्या उलट स्वभावाचें आडिपोनेक्टिन नांवाचें हार्मोनहि चरबींतच होतें. तें इन्सुलिनला साह्य करतें व वाढीला लगाम घालतें. दैवदुर्विलास असा कीं, चरबी वाढली म्हणजे तेंच घटतें.

यावर भर म्हणून फुगलेल्या चरबीच्या पेशींना प्राणवायु कमी पडतो, कांहीं मरतात, आणि त्यांच्या सफाईसाठीं आलेल्या श्वेतपेशी त्यांच्याभोंवतीं कडें करून बसतात. ही एक मंद, न दुखणारी, वर्षानुवर्षें धुमसणारी दाहक्रिया होय. तिच्यांतून निघणारीं द्रव्यें अरोमाटेजलाहि जोर देतात. २०२० सालीं हार्वर्ड येथील संशोधकांनीं उंदरांत दाखवून दिलें कीं, चरबीयुक्त आहारानें स्थूल केलेल्या उंदरांत अर्बुदाच्या पेशी भोंवतालचें स्निग्ध इंधन स्वतःच ओढून घेतात आणि त्यांच्यावर चालून आलेल्या रक्षक पेशी उपाशी पडतात.

अन्न व अर्बुद यांचा संबंध प्रयोगांत दिसण्याला मात्र शंभराहून अधिक वर्षें झालीं. पेटन राउस यांनीं १९१४ सालींच उंदरांचा आहार तोडून अर्बुदांची वाढ मंदावते असें पाहिलें होतें, व १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत शिकागो येथें अल्बर्ट टॅननबाउम यांनीं तेंच फार पद्धतशीरपणें सिद्ध केलें. माणसांविषयीं खात्री पटण्यास मोठी गणना लागली. अमेरिकेंत नऊ लाखांहून अधिक स्त्रीपुरुषांचा १६ वर्षें मागोवा घेऊन २००३ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत अत्यंत स्थूल गटांत कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण योग्य वजनाच्या माणसांपेक्षां पुरुषांत ५२ व स्त्रियांत ६२ टक्क्यांनीं अधिक आढळलें. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेनें सर्व पुरावा तपासून, स्थूलपणा टाळल्यानें धोका कमी होतो असे कर्करोगाचे १३ प्रकार मान्य केले. ऋतुनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचें अस्तर, मोठें आंतडें, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड हे त्यांतील कांहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. स्थूल माणसाला कर्करोग होतोच असें नाहीं, व कृश माणूस त्यांतून सुटतो असेंहि नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत ज्यांच्या कमरेला तंबाखूची चंची आहे किंवा जिच्या फडताळांत मिश्रीची डबी आहे, त्यांनीं आधीं तिचा विचार करावा. डॉ. खानोलकरांनीं मुंबईंतील मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ सालींच प्रसिद्ध केला होता. त्याला इतकीं वर्षें लोटलीं तरी ती डबी जागची हललेली नाहीं.

आतां पुन्हां कांट्याकडे वळावें लागतें, कारण हिंदी माणसाच्या बाबतींत कांटा विशेष फसवितो. उंचीच्या मानानें वजन योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्याचें एक माप आहे: किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावयाचें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दोन वैद्यांचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापून आलीं. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचेंहि हें माप अगदीं सारखें, २२.३, दोघेहि दिसण्यांत सडपातळ. परंतु देहांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के व पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली! डॉ. याज्ञिकांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत १९९३ पासून मातांचा व बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यांत तर आपलीं नवजात अर्भकेंहि इंग्रज अर्भकांहून वजनानें कमी पण चरबीला धरून राहिलेलीं आढळलीं. स्नायु कमी, हाडपेर लहान, आणि चरबी मात्र शाबूत, अशी ही आपली घडण आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत स्तनाचा कर्करोग झालेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांची निरोगी स्त्रियांशीं तुलना करून २०१६ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत याचें मर्म उघड झालें. पाश्चात्य देशांत पाळी चालू असलेल्या स्त्रियांत स्थूलपणामुळें स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसत नाहीं, उलट थोडा कमीच दिसतो. मुंबईच्या अभ्यासांत नितंबांच्या मानानें कंबर जाड असणें हें ऋतुनिवृत्तीपूर्वीं व नंतर, दोन्ही वेळीं, वाढत्या धोक्याशीं निगडित आढळलें. वजनापेक्षां चरबी कोठें बसली आहे याला अधिक महत्त्व आलें. आणि २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते कीं, वजनाच्या मापानें देशांतील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल ठरतात; कंबर व नितंब यांचें प्रमाण पाहिलें तर मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रिया ५६.७ टक्के निघतात. पुरुषांतहि हें प्रमाण ४७.७ टक्के आहे. कांट्यानें ज्यांना निर्दोष सोडलें अशा पुष्कळ जणी या संख्येंत आहेत.

खेड्यांत हा प्रश्न नाहीं अशी एक समजूत आहे. तिची परीक्षा पाहण्याचें साधन दुधनीच्याच जिल्ह्यांत, दुसऱ्या टोकाला बार्शीस आहे. तेथील नर्गीस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत १९८७ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या योजनेखालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांत कार्यकर्ते स्वतः जात, कारण रुग्ण इस्पितळापर्यंत येत नसत. घरोघर रोगाचीं लक्षणें समजावून सांगत. या शिकवणीनें गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत येऊं लागल्या, हें या कामाचें मोठेंच फळ होय. या नोंदींत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनहि कमी भरत आलें आहे. याचें सर्व श्रेय कृशपणाला देतां येणार नाहीं. लवकर लग्न, लवकर पहिलें मूल, अधिक बाळंतपणें, दीड-दोन वर्षें अंगावर पाजणें, या सर्वांनीं स्त्रीच्या देहांतील हार्मोनांचा हिशेब बदलतो. पण शेतावरचे कष्ट व पोटावर न सांठलेली चरबी यांचाहि त्यांत वांटा असावा. यांतील पहिल्या गोष्टी मुली शिकूं लागल्या कीं बदलणारच, व बदलाव्यातहि. मग हातीं उरतें तें कंबरेचें माप. दुधनीच्या पेठेंत दिवसभर गादीवर बसून चहावर चहा पिणारा व्यापारी आणि पाट्या-वरवंटा, जातें व विहीर यांतून सुटलेली त्याची गृहिणी यांची राहणी आज बार्शीच्या खेड्यांपेक्षां मुंबईला अधिक जवळची आहे. कष्टांतून सुटका झाली हें चांगलेंच झालें. पण पोटाला त्याची वार्ता अजून पोंचलेली नाहीं.

चढलेली चरबी उतरली तर धोका उतरतो काय? स्वीडनमध्यें अतिस्थूल माणसांवर जठराची शस्त्रक्रिया करून वजन उतरविलें व त्यांची तुलना तशाच स्थूल पण शस्त्रक्रिया न केलेल्या माणसांशीं केली. २००९ सालच्या अहवालांत स्त्रियांमध्यें कर्करोगाचें प्रमाण कमी झालेलें दिसलें. पुरुषांत तसें स्पष्ट दिसलें नाहीं. म्हणजे आशेला जागा आहे, पण औषधाच्या जाहिराती देतात तशी हमी नाहीं. मात्र ज्याला कर्करोग झालेलाच आहे अशा रुग्णास ‘गांठीला उपाशी मारूं’ म्हणून लंघनें घालणें हा निव्वळ घात आहे. त्याचें खाणें उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच चालावें.

घरांत कापड मोजण्याची फीत असतेच. श्वास सोडून, फीत न आवळतां, शेवटची बरगडी व कंबरेचें हाड यांच्या मधोमध माप घ्यावें. आपल्याकडील स्त्रीस ८० व पुरुषास ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. चढत्या वयांत हें माप दरवर्षीं लिहून ठेवावें. दुकानाच्या वह्या इतक्या नेमानें लिहिणाऱ्या घरांना त्यांत अवघड असें कांहीं नाहीं. आणि एक गोष्ट फीतेनें कळत नाहीं. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर अंगावरून पुन्हां रक्त गेलें, मग तें एकच दिवस कां जाईना, तर स्थूल असो वा कृश, त्या स्त्रीनें ‘उष्णता झाली’ म्हणून घरांत बसूं नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा अशाच रक्तस्रावानें आपली पहिली वर्दी देतो, आणि त्या वेळीं तो बहुतेक गर्भाशयापुरताच असतो. सासूबाईंनीं ही गोष्ट सुनेजवळ बोलावी, सुनेनें नवऱ्याला सांगावें, आणि दुसऱ्या दिवशींची सोलापूरची गाडी धरावी.